निसटलेली फळी

यंदाच्या चैत्रांत आमच्या घरीं एक नवलाची वस्तु आली. पुण्याचा पुतण्या सुटीकरितां रत्नागिरीस यावयाचा म्हणून आंब्याच्या अढीपासून फणसाच्या भाजीपर्यंत सर्व सिद्धता घरांत करून ठेविली होती. परंतु चिरंजीव मोटारींतून उतरले ते पाठीवर एक भलें मोठें गाठोडें आणि काखेंत एक फळी घेऊन. गाठोड्यांत पतंग निघाला. तो पतंगहि एवढा, कीं पसरला तेव्हां आमचें मागीलदारचें खळें त्यानें निम्में व्यापिलें! "संक्रांत होऊन तीन महिने झाले रे," असें त्याच्या काकूनें म्हणतांच तो हंसून म्हणाला, "काकू, हा मी उडवायचा नाही, यानं मला उडवायचं!"

ह्या खेळास काइटबोर्डिंग असें नांव आहे. आपण त्यास पतंगफळीचा खेळ म्हणूं. आकाशांत पतंग, पाण्यावर फळी, आणि त्या दोहोंच्या मध्यें दोऱ्यांनीं जोडलेला मनुष्य, एवढाच ह्याचा संसार. पुतण्या गोव्याच्या किनाऱ्यावर दोन हिंवाळे हा खेळ शिकला होता, आणि आपल्या आजोळ-घरच्या समुद्रावर तो एकदां खेळून पाहावा अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती.

चैत्र शुद्ध दशमीस दुपारीं तीनच्या सुमारास आम्ही तिघें भाट्याच्या किनाऱ्यावर गेलों. सुरूच्या बनाच्या सावलींत चटई पसरून मी व सौभाग्यवती बसलों. समोर अथांग समुद्र, उजव्या हातास काजळी नदीच्या खाडीचें मुख, त्याच्याहि पलीकडे रत्नदुर्गाचें टोंक व त्यावरील दीपगृह, आणि वायव्येकडून अंगावर येणारा भरदार खारा वारा. पतंग वर चढला, दोऱ्या ताठ झाल्या, आणि पाहतां पाहतां पुतण्या लाटांच्या पाठीवरून असा सुसाट निघाला, कीं आमच्या तोंडून शब्द फुटेना. हा आनंद दहा-पंधरा मिनिटें भोगला असेल-नसेल, तोंच एका उंच लाटेनें त्यास उलथें केलें. क्षणभर नुसता फेंस दिसला. मग डोकें वर आलें. पतंगहि आकाशांत शाबूत होता. परंतु पायांतली फळी निसटून साठ-सत्तर पावलांवर मागें तरंगत राहिली होती.

आतां हा वळेल आणि फळीकडे पोहत जाईल, अशी आमची अपेक्षा. त्यानें केलें तें अगदीं विपरीत. फळी राहिली होती वायव्येस, आणि हा निघाला पश्चिमेकडे, भर समुद्राकडे! एक हात पाण्यांत पुढें ताणलेला, दुसरा वर दांड्यावर, आणि अंग कुशीवर टाकलेलें. "अहो, फळी राहिली तिकडे, आणि हा निघाला कुठं?" असें म्हणत सौभाग्यवती उठून उभ्या राहिल्या. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. कांहीं अंतर गेल्यावर तो वळला व किनाऱ्याच्या रोखानें तिरपा येऊं लागला. पुन्हां वळला, पुन्हां समुद्राकडे गेला. अशा चार-पांच येरझारा झाल्या. मग आम्हांस दिसलें कीं, तो फळीच्याहि पलीकडे जाऊन पोहोंचला आहे. तेथून वाऱ्याबरोबर अलगद उतरत येऊन त्यानें ती धरली, पाय सरकविले आणि पुन्हां उभा राहिला. सौभाग्यवतींनीं खालीं बसून पदरानें कपाळ पुसलें.

हवी ती वस्तु डोळ्यांसमोर असतां तिच्यापासून दूर जावयाचें आणि तरीहि तीच हस्तगत करावयाची, ह्या कोड्याचा उलगडा रात्रीं जेवणानंतर ओटीवर झाला. तो येथें सांगावासा वाटतो. कारण सुटींत समुद्रावर नवनवे खेळ खेळूं पाहणारीं मुलें आतां घरोघर आहेत, आणि आमच्यासारखीं कांठावर बसून काळजी करणारीं वडील माणसेंहि घरोघर आहेत.

पतंगाच्या ओढीनें पाण्यावरून जाण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. विजेच्या शोधाकरितां पतंग उडविणारा अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन आपणां सर्वांस शाळेपासून ठाऊक आहे. त्यानें लहानपणीं आणखी एक पतंग उडविला होता. एका मोठ्या तळ्यावर पोहावयास गेला असतां त्यानें कांठावर बांधून ठेविलेल्या पतंगाची दोरी हातीं घेतली, पाण्यावर उताणा पडला, आणि पतंगानें त्यास अलगद पैलतीरास ओढून नेलें. कपडे मात्र दुसऱ्या एका मुलाकरवीं तळ्यास वळसा घालून न्यावे लागले. पुढें वृद्धपणीं ही हकीकत एका फ्रेंच स्नेह्यास लिहितांना त्यानें असेंहि सुचविलें कीं, ह्या रीतीनें इंग्लंडांतील डोव्हरपासून फ्रान्समधील कॅलेपर्यंतची खाडी ओलांडणें अशक्य नसावें. फळी हरवलेला खेळाडू आज पाण्यांत जें करतो त्याचा पहिला पाठ हाच म्हणावयाचा: अंग पाण्यावर आणि ओढ पतंगाची. फरक इतकाच कीं, वारा नेईल तिकडे फ्रँकलिन गेला. फळी हरवलेल्यास वारा जिकडून येतो तिकडे जावयाचें असतें.

फ्रँकलिनच्या मागून पुष्कळांनीं ह्या वेडाचा पाठपुरावा केला. १८२६ सालीं ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक नांवाच्या शाळामास्तरांनीं पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें. १९०३ सालीं सॅम्युएल कोडी ह्यानें पतंगानें ओढलेल्या लहानशा नावेंतून इंग्लिश खाडी खरोखरच ओलांडली. तथापि एक अडचण उरलीच होती: पतंग एकदां पाण्यांत पडला कीं भिजून लोळागोळा होई व पुन्हां वर चढत नसे. ती फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील ब्रूनो व डॉमिनिक लेगेन्यू ह्या बंधूंनीं दूर केली. पतंगाच्या पुढच्या कडेस हवेनें फुगविलेली नळी बसविण्याची त्यांची युक्ति १९८४ सालची. नळीमुळें पडलेला पतंग तरंगत राहतो व दोरीच्या ओढीनें पुन्हां वाऱ्यावर स्वार होतो. विसावें शतक संपतां संपतां हा खेळ जगभर पसरला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें त्याचा प्रथमच समावेश झाला. ह्या स्पर्धा मार्सेय येथील समुद्रांत झाल्या. स्त्रियांत ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिज हिनें सुवर्णपदक मिळविलें, आणि पुरुषांत तें व्हॅलेंटिन बोंटुस ह्यानें नेलें, तो तर समुद्रकिनाराच नसलेल्या ऑस्ट्रियाचा!

आतां साहित्य पाहूं. मध्यम वाऱ्याकरितां पतंगाचें क्षेत्रफळ साधारण ९ ते १२ चौरस मीटर असतें. त्याच्या चार-पांच दोऱ्या वीस-पंचवीस मीटर लांबीच्या. त्या सर्व येऊन मिळतात एका आडव्या दांड्यास. दांड्याचें उजवें टोंक ओढलें कीं पतंग उजवीकडे, डावें ओढलें कीं डावीकडे. दांडा आपल्यापासून दूर सारला कीं, संक्रांतीच्या भाषेंत बोलावयाचें तर, ढील मिळते व पतंगाचा जोर ओसरतो. ही सर्व ओढ हातांवर घेतली तर हात निखळतील. म्हणून कमरेस एक रुंद पट्टा बांधलेला असतो, त्याच्या आंकड्यांत दोऱ्यांचें कडें अडकवितात आणि भार कंबर पेलते. संकटकाळीं ह्या कड्याजवळची एक खुंटी पुढें ढकलली कीं पतंग एका दोरीवर लोंबकळत निर्बळ होऊन पडतो. ती खुंटी डोळे मिटूनहि हातास सांपडली पाहिजे, हा शिक्षकांचा दंडक. फळी साधारणतः एक मीटर पस्तीस-चाळीस सेंटिमीटर लांब; तिच्यावर पायांकरितां दोन पट्टे. पाय त्यांत सरकविलेले असतात, बांधलेले नसतात; म्हणूनच ती निसटते.

"मग दोरीनं पायाला बांधून का नाही ठेवत?" सौभाग्यवतींनीं विचारलें. प्रश्न रास्त होता, आणि आरंभीं कित्येक लोक तसें करीतहि असत. परंतु पतंग माणसास एकीकडे ओढतो आणि पाणी फळीस धरून ठेवतें. मधली दोरी ताणत ताणत जाते, आणि अखेरीस फळी गलोलींतील खड्याप्रमाणें सुटून मालकाच्याच डोक्यावर येऊन आदळते. अशा दुखापती होऊं लागल्यामुळें शिक्षक हल्लीं ही दोरी बांधूं देत नाहींत. फळी मोकळीच ठेवावयाची आणि निसटलेली परत कशी आणावी ही विद्या शिकावयाची, हा आजचा मार्ग. म्हणून शिष्यास फळीवर उभें करण्यापूर्वींच, फळीवांचून पाण्यांतून वाऱ्याविरुद्ध कसें जावें हें शिकवितात. "काका, सुरुवातीला मला फळीला हातसुद्धा लावू दिला नव्हता," असें पुतण्या म्हणाला. हरवलेलें आणण्याची विद्या आधीं, मिरविण्याची मागाहून!

आतां फळी मागें कां राहते तें पाहूं. वारा जिकडून येतो त्यास वरचें अंग व जिकडे जातो त्यास खालचें अंग म्हणूं. मनुष्य पडतो तेव्हां पतंग वर असतोच, आणि तो त्यास खालच्या अंगास ओढीत राहतो. फळीस असा कोणी ओढणारा नसतो. ती लाटांच्या धक्क्यांनीं सावकाश वाहते. म्हणून फळी वर आणि मालक खालीं, असें हें अंतर क्षणोक्षणीं वाढतें. समजा, तें सेकंदास अर्धा मीटर ह्या हिशेबानें वाढलें, तरी गोंधळून घालविलेल्या दोन मिनिटांत साठ मीटर होतात. नवशिका ह्या वेळीं दोन चुका करतो. एक, पतंग विसरून तो थेट फळीकडे पोहूं लागतो. कमरेस पतंग ओढीत असतां वाऱ्याच्या तोंडावर पोहणें म्हणजे दोन हात पुढें जावें आणि चार हात मागें यावें, असा प्रकार. त्यांत दम मात्र संपतो. दुसरी चूक अशी कीं, तो मान वळवून फळीकडेच पाहत राहतो. दांडा नकळत एका बाजूस ओढला जातो, पतंग पाण्यावर येऊन आपटतो, आणि एका संकटाचीं दोन संकटें होतात.

खरी रीत अशी. पडल्याबरोबर प्रथम पतंग डोक्यावर, अगदीं माथ्यावर, आणून स्थिर करावयाचा. तेथें त्याची ओढ कमी असते. मग एकदां वळून फळी कोठें आहे हें नीट पाहून घ्यावयाचें. लाटा उंच असल्या तर पतंगास हलका झोंका द्यावा. तो मनुष्यास कमरेइतकें वर उचलतो, व तेवढ्यांत नजर फिरवून घेतां येते. नंतर पतंग एका बाजूस, माथा व क्षितिज ह्यांच्या मध्यावर, न्यावयाचा. एक हात दांड्याच्या मधोमध. दुसरा हात जाण्याच्या दिशेनें पाण्यांत ताठ पसरलेला. अंग कुशीवर व लांकडासारखें कडक. हा ताणलेला हात आणि हें ताठ अंग हीच आतां नौका. पाण्यास तीं आडवीं लागतात व माणसास खालच्या अंगास घसरूं देत नाहींत. ओढ पतंगाची आणि अडवणूक पाण्याची. ह्या दोहोंच्या झगड्यांतून मनुष्य वाऱ्यास आडवा, आणि किंचित् वरच्या अंगास, सरकत जातो. कांहीं अंतरानंतर पतंग माथ्यावरून दुसऱ्या बाजूस न्यावयाचा, हात बदलावयाचे, आणि उलट दिशेनें तसाच दुसरा तिरपा टप्पा घ्यावयाचा.

कोंकणच्या माणसास हें परकें वाटण्याचें कारण नाहीं. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर कधींच जात नाहीं; तांडेल तिला नागमोडी नेतो, एकदां वारा उजव्या अंगावर घेऊन, एकदां डाव्या. शीड ओढतें, तळाचा कणा पाण्यांत धरून ठेवतो, आणि होडी तिरपी तिरपी वर चढते. आंग्र्यांच्या आरमारांतील गलबतांसहि शिडावर जातांना ह्याच किनाऱ्यावर, ह्याच वायव्येच्या वाऱ्यांत, हींच वळणें घ्यावीं लागलीं असलीं पाहिजेत. पतंगफळीच्या खेळांत फक्त शीड आकाशांत गेलें आणि होडीच्या कण्याचें काम माणसाच्या हाताकडे आलें.

परंतु माणसाचा हात म्हणजे कांहीं होडीचा कणा नव्हे. त्याला वाऱ्याविरुद्ध फार चढतां येत नाहीं. येथें थोडें गणित करावें. फळी वरच्या अंगास ५० मीटरांवर राहिली, आणि वाऱ्याशीं काटकोन करणाऱ्या रेषेहून १५ अंश वर चढतां येतें, असें धरूं. तर हे ५० मीटर मिळविण्यास एकंदर सुमारें १९३ मीटर तिरपें अंतर कापावें लागतें. कोन १० अंशांचाच साधला तर हेंच अंतर सुमारें २८८ मीटर होतें. म्हणजे जी फळी हांकेच्या अंतरावर दिसते तिच्याकरितां चौपट-सहापट वाट चालावी लागते, आणि त्या वाटेच्या अर्ध्या भागांत तोंड दुसरीकडेच असतें. सौभाग्यवतींस दिसला तो हाच भाग. नेमहि फळीवर धरावयाचा नसतो. तिच्या थोडा वरच्या अंगास धरावयाचा असतो, म्हणजे शेवटीं वाऱ्याबरोबर सहज तिच्यावर उतरतां येतें.

ही झाली विद्या. तिची मर्यादा आम्हांस कांहीं दिवसांनीं कळली, आणि तींत माझाहि दोष आहे तो सांगितला पाहिजे.

आपल्याकडे जुनीं माणसें भरतीची वेळ तिथीवरून काढीत. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. दशमीस साडेसात, म्हणजे ओहोटी दीडच्या सुमारास संपून दुपारीं तीन ते पांच भरतीचें पाणी आंत येत असतें. पहिल्या दिवशीं तेंच होतें. खाडीचें मुख पाणी आंत घेत होतें, आणि पडलेल्या माणसास किंवा फळीस समुद्र बाहेर नेत नव्हता. पुढें हनुमानजयंतीची पौर्णिमा झाली. वद्य द्वितीयेस पुतण्या पुन्हां निघाला. द्वितीयेची पाऊणपट दीड. म्हणजे दीड वाजतां पूर्ण भरती, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत ओहोटी. तीहि पौर्णिमेच्या जवळची, उधाणाची. अष्टमीच्या सुमारास जें मंद पाणी असतें, ज्यास आपण भांग म्हणतों, तें हें नव्हे. त्याच दिवशीं सकाळीं संकष्टी केव्हां आहे म्हणून मीं दिनदर्शिका पाहिली होती. द्वितीया माझ्या डोळ्यांखालून गेली होती. पुतण्यानें आपल्या मोबाइलवर वारा पाहिला. तो उत्तम होता. पाण्याचें त्यानें पाहिलें नाहीं, आणि मीं सांगितलें नाहीं. ज्याचें जन्म समुद्राकांठीं गेलें त्यानें पुण्याच्या मुलास एवढें तरी सांगावयास हवें होतें.

चारच्या सुमारास तो खाडीच्या मुखाजवळ पडला. फळी निसटली. त्यानें पूर्वीप्रमाणेंच पतंग माथ्यावर घेतला, पाहिलें, आणि तिरपा निघाला. एक टप्पा समुद्राकडे, एक किनाऱ्याकडे. पुन्हां एक समुद्राकडे, एक किनाऱ्याकडे. मीं मोजीत होतों. परंतु ह्या वेळीं फळीचा काळा ठिपका जवळ येण्याऐवजीं लहान होत चालला. खाडीचें पाणी बाहेर धांवत होतें व तिला आपल्याबरोबर नेत होतें. सौभाग्यवती बोलत नव्हत्या. त्यांचे ओंठ मात्र हलत होते. दुसरी येरझार संपली आणि पुतण्यानें पतंग किनाऱ्याच्या बाजूस नेला. वाऱ्याबरोबर तो सरळ खालीं, दक्षिणेकडे तिरपा, येऊं लागला. अर्धा मैल दूर तो वाळूस लागला तेव्हां आम्ही दोघेंहि वयाचा विचार न करतां धांवत होतों.

तो ओला, थकलेला व खिन्न होता. फळी महागाची, तिच्यासाठीं त्यानें वर्षभर पैसा बाजूस टाकला होता. "आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या तर कदाचित्..." असें माझ्याच तोंडून निघून गेलें. जवळच जाळें दुरुस्त करीत बसलेला एक वृद्ध तांडेल तें ऐकून म्हणाला, "मास्तर, पोरानं केलं तेच बरोबर. खाडीच्या तोंडाला ओहोटी लागली म्हणजे आम्हीसुद्धा तिच्याशी भांडत नाही, बाजूला काढतो. तिच्यात दम घालवला की मग परत यायला दम उरत नाही."

रात्रीं मीं पुतण्यास विचारलें, "परत फिरावें हें तूं केव्हां ठरविलेंस?" तो म्हणाला, "काका, ते पाण्यात ठरवायचं नसतंच. ते वाळूवर उभं असताना ठरवून ठेवायचं." निघण्यापूर्वींच त्यानें किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेंत धरून ठेविल्या होत्या: सुरूच्या बनांतील एक उंच झाड आणि मागच्या टेकडीवरील मनोरा. आपले खारवी समुद्रांतील मासळीची जागा अशाच दोन खुणा जुळवून ओळखतात. पाण्यांत असतां आपण पुढें जात आहों कीं मागें, हें लाटांवरून कळत नाहीं. लाटा नेहमींच भ्रम करितात. खुणा भ्रम करीत नाहींत. दोन येरझारांनंतर मनोरा झाडाच्या ज्या बाजूस सरकावयास हवा होता त्याच्या उलट बाजूस सरकलेला त्यास दिसला. त्याचा नियम असा होता कीं, दोन येरझारांत चढ दिसला नाहीं तर तिसरी घालावयाची नाहीं. पाण्यांत, फळी डोळ्यांसमोर असतां, हा नियम करूं म्हटलें तर मन दर वेळीं आणखी एकाच फेरीची सवलत मागतें. आणि समुद्र माणसास नेतो तो ह्या सवलतींमधूनच.

ज्यांच्या घरीं असे खेळाडू आहेत त्यांनीं आणखी दोन-चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सकाळचा वारा आपल्या किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यास आपण मतलई म्हणतों. शिडाच्या होड्यांस बाहेर पडावयास तो सोयीचा, पण पतंगफळीस घातक. कारण पडलेल्यास तो किनाऱ्यापासून दूर नेतो. दुपारीं खारा वारा स्थिर झाल्याखेरीज पाण्यांत उतरूं नये, आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधीं बाहेर यावें. मावळतीस तो वारा पडतो, व पतंग पडला कीं ओढच संपते. वारा असा मध्येंच गेला तर दोऱ्या दांड्यावर गुंडाळीत पतंगापर्यंत जावें आणि त्याच्या फुगलेल्या नळीवर पालथें पडावें. फळीपेक्षां तो अधिक भरंवशाचा तराफा असतो. डोक्यावर शिरस्त्राण व अंगावर तरंगणारें जाकीट हवेंच. एकट्यानें जाऊं नये. कांठावर नजर ठेवणारें कोणीतरी असावें, आणि त्यास भरती-ओहोटी ठाऊक असावी. पावसाळ्याचे महिने तर सर्वस्वी वर्ज्य. ज्यांचा जन्म दर्यावर गेला ते खारवीसुद्धां नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावांचून होडी लोटीत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं पहांटेस तांडेलाच्या सांगण्यावरून आम्ही कसोपच्या बाजूपर्यंत चालत गेलों. लांकडाचे ओंडके, नारळाच्या झावळ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, एक तुटकी टोपली, सर्व कांहीं कांठास लागलें होतें, फळी नव्हती. रात्रीच्या मतलईनें तिला आणखी बाहेर नेलें असावें. तिसऱ्या दिवशीं पुतण्या पुण्यास परत गेला. आंब्याची पेटी काखेंत, पतंगाचें गाठोडें पाठीवर.

ह्या गोष्टीस आतां कांहीं आठवडे झाले. फळी सांपडली नाहीं, आणि सांपडेल अशी आशाहि नाहीं. तरी संध्याकाळीं भाट्यास फिरावयास गेलों कीं सौभाग्यवती भरतीनें टाकलेल्या केरकचऱ्याच्या रेषेकडे अजून पाहत चालतात. मीं त्याबद्दल कांहीं बोलत नाहीं. परवां पुतण्याचा फोन आला. नवी फळी घेतली आहे, आणि पुढच्या हिंवाळ्यांत पुन्हां गोव्यास जाणार आहें, असें तो सांगत होता. काकूनें त्यास जाऊं नको म्हटलें नाहीं, जपून राहा असेंहि म्हटलें नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "जायचं त्या दिवशी तिथी कोणती आहे, ते आधी पाहशील ना रे?"